मुका मार: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: भावाच्या डोक्यात काठी बसली, टाके पडले. जखम सुरीने कापल्यासारखी सरळ आहे, तरी दाखल्यावर 'कठीण व बोथट वस्तूने' असं लिहिलंय. डॉक्टरांचं चुकलं का?

बहुधा नाही. कातडी न फाटता बसलेला तो मुका मार, हा झाला बोलण्यातला अर्थ. दाखल्यात आम्ही लिहितो ते हत्यार धारदार होतं की बोथट, हे. डोक्यावर कातडीखाली लगेच हाड. काठी आणि कवटी यांच्यात सापडलेली कातडी सरळ रेषेत फुटते. भिंगातून पाहिलं की कडा चेचलेल्या दिसतात, केस ठेचलेले असतात आणि जखमेच्या तळाशी काही तंतू न तुटता तसेच राहिलेले असतात. सुरी ते ठेवत नाही. तीच काठी पाठीवर बसली तर कातडी शाबूत राहते आणि रुळांसारखे दोन समांतर वळ उठतात. मधला पट्टा कोरा, कारण तिथलं रक्त दाबाने दोन्ही बाजूंना सरकतं.

प्रश्न: मारहाणीच्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मांडी काळीनिळी झाली. आता कोणी विश्वास ठेवत नाही.

खोलवर साकळलेलं रक्त वर यायला एक-दोन दिवस लागू शकतात. ते खालीही उतरतं: मार कपाळाला, काळा पडतो डोळा! पुन्हा तपासून घ्या आणि नोंद करवून घ्या. डाग पुढे हिरवट, मग पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. मात्र नुसत्या रंगावरून माराची नेमकी तारीख सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

प्रश्न: रक्त आलं नाही, म्हणजे कलम हलकंच लागणार ना?

तसं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 114 नुसार नुसती शारीरिक वेदना हीसुद्धा दुखापत आहे. हाड मोडलं किंवा निखळलं तर कलम 116, म्हणजे गंभीर दुखापत, मग वर ओरखडाही नसो. म्हणून एक्स-रे टाळू नका.

प्रश्न: तेल लावून चोळावं का?

अजिबात नको, आतला रक्तस्राव वाढतो. पहिले दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावा. पण मार पोटाला असेल, उदाहरणार्थ पडताना मुलाच्या पोटात सायकलचं हँडल घुसलं असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. प्लीहेला (पोटात डावीकडे, बरगड्यांखाली असलेल्या अवयवाला) इजा झाली असेल तर काही दिवसांनीही आत रक्तस्राव होऊ शकतो. पोट किंवा डावा खांदा दुखणं, चक्कर, लाल लघवी यांपैकी काहीही दिसलं तर थेट रुग्णालय गाठा.