वाड्याच्या खांबाला आडवी ओढ किती सोसेल?

प्रश्न : आमच्या वाड्याच्या ओसरीत सहा इंची चौरस सागवानी खांब आहेत. उंची नऊ फूट, खाली दगडी तळखडा, वर तुळई. दोन खांबांमध्ये हॅमॉक बांधायचा आहे. दोर पाच फुटांवर येईल. खांब ही ओढ सोसतील का?
– एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : लाकूड सोसेल. काळजी आहे ती खांबाच्या टोकांची.

आधी लाकूड. बाजू 15 सेंमी. तिचा घन भागिले 6 म्हणजे 562 घन सेंमी, हे आकारामुळे खांब वाकण्याला किती विरोध करतो त्याचं माप. जुन्या सागाला वाकण्यात दर चौरस सेंमीला 80 किलो ताण धरा. निरोगी सागाला जास्त चालतो, पण वय झालेल्या लाकडाशी जपूनच वागावं. गुणाकार आला 45,000 किलो-सेंमी, म्हणजे खांब सोसेल तेवढा वाकवणारा जोर. खांब 270 सेंमी उंच आणि दोर 150 वर, म्हणजे ओढीला 150 × 120 ÷ 270, साधारण 67 ने गुणलं की ती ओढ खांबाला किती जोराने वाकवते ते कळतं. म्हणून उलट 45,000 ला 67 ने भागलं की लाकूड सोसेल ती आडवी ओढ मिळते, सुमारे 670 किलो.

आता ओढ किती येते ते बघा. 80 किलोचा माणूस निवांत पडला आणि दोर आडव्या रेषेपासून 30 अंश खाली असला, तर प्रत्येक खांबावर आडवी ओढ 70 किलोच्या आसपास. तोच दोर ताठ बांधून कोन 10 अंशांवर आणला की ओढ 227 किलो होते! झोके घेतले तर दुप्पट धरा. म्हणून हॅमॉक सैलच बांधा.

या ओढीचा निम्म्याहून थोडा जास्त वाटा वरच्या टोकावर जातो. तिथे खांब फक्त कुसवाने (खांबाच्या टोकाला कोरलेल्या, खाचेत बसणाऱ्या खुंटीने) तुळईत बसलेला असतो, खाली तळखड्यावर नुसता टेकलेला. दोन्ही खांब एकाच तुळईखाली असतील तर दोन्हींची आतली ओढ तुळई आपसात पेलते, हे उत्तम. एक टोक खांबाला आणि दुसरं भिंतीला बांधलंत, तर सगळी ओढ कडीपाटावर (छताच्या लाकडी कड्या-फळ्यांवर) आणि सांध्यांवर जाते. ते करू नका.

बांधण्याआधी बुंधा टोच्याने टोचून पाहा. तळखड्याजवळ ओल धरते आणि वाळवी तिथूनच शिरते. चारी बाजूंनी 2 सेंमी लाकूड भुसभुशीत निघालं, तर त्या जागी ताकद 40 टक्क्यांच्याही खाली येते. वरून रंग लावलेला असला तर डोळ्याला काही दिसत नाही, ठोकल्यावर बद्द आवाज येतो. असा खांब आधी सुताराला दाखवा.

भोक पाडून हूक बसवू नका. 5 सेंमी रुंदीचा पट्टा गुंडाळा. मग हॅमॉकमध्ये आधी वाळूची पोती ठेवा, 50 किलो, मग 100, आणि तुळईवरून खांबालगत ओळंबा सोडून तळाशी खूण करा. वजन चढवताना ओळंबा खुणेवरून सरकला किंवा कुसवापाशी फट उघडली, तर तिथेच थांबा.