ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती लगेच टाकावी की थांबावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर विंडोज १० सुरळीत चालू आहे आणि ११ घ्या म्हणून सारखी सूचना येते, मॅकवर आणि आयफोनवरही नव्या आवृत्तीचा लाल ठिपका लागलाय, कुणी म्हणतं लगेच टाका, कुणी म्हणतं चालत्या गाडीला खीळ कशाला घालता. तर करावं काय?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. विंडोज १० वर आता राहू नका. मॅकला एक-दोन महिने थांबलात तरी बिघडत नाही. फोनला दोन-तीन आठवडे थांबा, त्याहून फार ताणू नका. आणि तिन्ही ठिकाणी बटण दाबण्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: नाही जमलं तर मागे कसं यायचं.

एका ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणं हे माझं काम, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबर आला की हाच प्रश्न माझ्या टेबलाशी येऊन उभा राहतो. लोक विचारतात, 'नव्यात काय काय आहे?' मला त्यात फारसा रस नसतो. खिडक्यांचे कोपरे गोल झाले, मेनू डावीकडून मधे सरकला, यानं कुणाचं काम अडत नाही. चार दिवस कुरकुर होते आणि हात बसतो. काम अडतं ते परतीची वाट बंद झाल्यावर.

पहिल्यांदा दर महिन्याचे सुरक्षा-पॅच, म्हणजे सापडलेले दोष बुजवणारी छोटी अपडेट, यातून बाजूला काढू. त्यांच्याबाबत 'टाकू का' हा प्रश्नच नाही, टाकायचे. मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी विंडोजच्या फाइल-शेअरिंगमधल्या एका दोषावर पॅच दिला होता. १२ मे रोजी वॉनाक्राय हा फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्राम नेमका त्याच दोषातून घुसला आणि ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपासून मोटारींच्या कारखान्यांपर्यंत मशिनं कुलूपबंद करत गेला. मधे जवळजवळ दोन महिने होते. ज्यांनी पॅच टाकून ठेवला होता, त्यांच्याकडे त्याला त्या वाटेनं शिरता आलं नाही. ज्यांनी 'सध्या नको, नंतर बघू' केलं होतं, त्यांच्या फाइली गेल्या.

इथे विंडोजमध्ये एक गोम आहे. नवी आवृत्ती नको म्हणून लोक अपडेट 'पॉज' करतात. त्या बटणानं सगळंच थांबतं, दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येणारे पॅचसुद्धा. म्हणजे पाहुणा नको म्हणून तुम्ही पहारेकऱ्यालाही घरी पाठवून देता. नवी आवृत्ती टाळायची असेल तर अपडेटच्या पानावर तिच्यासाठी जे वेगळं 'डाउनलोड अँड इन्स्टॉल' दिसतं, ते फक्त दाबू नका. बाकीचं येऊ द्या. तुमच्या चालू आवृत्तीची मुदत संपत आली नसेल तोवर विंडोज ती स्वतःहून लादत नाही. मॅकवर हे जास्त सुटसुटीत आहे. नव्या आवृत्तीच्या मोठ्या जाहिरातीखाली बारीक अक्षरांत जुन्या आवृत्तीचा पॅचही दिलेला असतो. तो शोधावा लागतो, कारण तो तुम्हाला सापडावा अशी कंपनीची फार इच्छा दिसत नाही.

आता विंडोज १०. जुलै २०१५ मध्ये आलेल्या या आवृत्तीचे मोफत पॅच १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती वापरासाठी वाढीव पॅचची योजना आहे, तिची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६. त्या योजनेत नाव नोंदवलं नसेल तर तुमचा लॅपटॉप 'सुरळीत' आहे असं मी म्हणणार नाही. तो चालतोय, एवढंच. त्यात रोज सापडणारी नवी भोकं कुणी बुजवत नाहीये. तेव्हा तुमच्यापुढचा खरा पेच '११ चांगलं की १० चांगलं' हा नाही, '११ या लॅपटॉपवर बसतं का' हा आहे.

बसण्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट (मशिन सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) आणि साधारण इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. 'तुमचं मशिन पात्र नाही' असा संदेश आला म्हणून लगेच नवीन घ्यायला धावू नका. पुष्कळदा टीपीएम असतं, पण बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशिनच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं. इंटेलच्या मशिनवर ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशिनवर 'एफटीपीएम' या नावाखाली सापडतं. ते चालू केलं की तोच संदेश बदलतो. प्रोसेसरच जुना असेल तर मात्र तपासणीला चकवून ११ बसवण्याचे उपाय इंटरनेटवर भरपूर मिळतील, ते करू नका. अशा मशिनला पुढचे पॅच मिळतीलच याची हमी नाही असं मायक्रोसॉफ्टने स्वतःच सांगून ठेवलंय, आणि पॅचसाठीच तर आपण हा खटाटोप करतोय. त्यापेक्षा उबंटू या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची दीर्घ मुदतीची आवृत्ती टाका. तिला पाच वर्षं पॅच मिळतात आणि ब्राउझर, ईमेल, कागदपत्रं एवढंच काम असेल तर जुनं मशिन तिच्यावर आरामात चालतं.

परतीच्या वाटेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण ती तिन्हीकडे वेगळी आहे आणि बहुतेकांना ती अडकल्यावरच कळते.

विंडोजमध्ये ती दहा दिवस उघडी असते. अपग्रेड झाल्यावर जुनी सिस्टिम सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेली असते आणि सेटिंगमधल्या 'रिकव्हरी'त 'गो बॅक' बटण असतं. दहा दिवसांनी ते बटण विझतं आणि फोल्डर आपोआप पुसला जातो. त्याआधीही तुम्ही स्वतःच तो पुसू शकता: अपग्रेडनंतर डिस्क भरलेली दिसते, माणूस सफाईचं टूल चालवतो, 'मागील विंडोज' या खुणेसह सगळ्या खुणा करतो, वीसेक जीबी मोकळी झाली म्हणून खूश होतो. वाट तिथेच बंद. तेव्हा ते दहा दिवस डिस्कला हात लावू नका, आणि त्याच दहा दिवसांत सगळी कामं एकदा करून बघा: प्रिंट काढा, स्कॅन करा, प्रोजेक्टर जोडा, महिन्यातून एकदाच उघडता ते सॉफ्टवेअर उघडा. मागे आलात तर तुमच्या फाइली राहतात, पण मधल्या काळात टाकलेले प्रोग्राम जातात.

मॅकवर असं बटणच नाही. मागे यायचं म्हणजे डिस्क पुसायची, जुनी आवृत्ती नव्यानं बसवायची आणि अपग्रेडच्या आधी घेतलेल्या टाइम मशिन बॅकअपमधून सगळं परत आणायचं. 'आधी घेतलेल्या' हा शब्द इथे महत्त्वाचा. नव्या आवृत्तीवर गेल्यानंतरचा बॅकअप जुन्या आवृत्तीवर उतरवता येत नाही, कारण मायग्रेशन असिस्टंट हे डेटा परत आणणारं टूल नव्याकडून जुन्याकडे जात नाही. फोटोंची लायब्ररी तर याहून हट्टी. नव्या आवृत्तीत फोटोज ॲप पहिल्यांदा उघडलं की ते लायब्ररीचं रूपांतर करतं आणि मग जुन्या आवृत्तीतलं फोटोज तीच लायब्ररी उघडायला नकार देतं. म्हणून अपग्रेडच्या आदल्या रात्री बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायचा, त्यातल्या दोन-चार फाइली उघडून बघायच्या आणि ती डिस्क काढून ठेवायची. जोडलेली ठेवली तर दुसऱ्या दिवसापासून तिच्यावर नव्या आवृत्तीचे बॅकअप चढायला लागतात आणि जागा कमी पडली की सगळ्यात जुने पुसले जातात.

आयफोनवर वाट जवळजवळ नाहीच. ॲपल जुन्या आवृत्तीवर सही करणं (ती बसवायला लागणारी डिजिटल मंजुरी देणं) लवकरच थांबवते, आणि सही नसलेली आवृत्ती फोन घेत नाही. शिवाय नव्या आवृत्तीवर घेतलेला बॅकअप जुन्यावर चढत नाही. अँड्रॉइडवर मागे येणं शक्य असलं तरी सहसा फोन पूर्ण पुसावा लागतो. म्हणून फोनच्या बाबतीत मी आधीच थोडा थांबतो, नंतर पस्तावण्याची सोयच नाही.

थांबायचं कशासाठी? पहिल्या खेपेतले दोष दुसऱ्यांच्या मशिनवर उघडे पडावेत म्हणून. हे ऐकायला आपमतलबी वाटेल, पण इतिहास तसाच आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ आलं आणि आयफोन ६ वाल्यांचं मोबाइल नेटवर्कच गायब झालं. ॲपलने ते साधारण तासाभरात मागे घेतलं. ऑक्टोबर २०१८ मधली विंडोज १० ची १८०९ ही आवृत्ती तर याहून वाईट. तिनं काही लोकांचे डॉक्युमेंट्स फोल्डरच साफ केले. कारण मुद्दाम सांगतो, कारण ते बोलकं आहे. ज्यांनी डॉक्युमेंट्सची जागा सी वरून दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली होती पण जुन्या जागीही काही फाइली राहू दिल्या होत्या, त्यांचा जुना फोल्डर अपडेटने निरुपयोगी समजून उडवला. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वाटप थांबवलं आणि १३ नोव्हेंबरला दुरुस्त आवृत्ती दिली. ज्यांनी महिनाभर कळ काढली त्यांना यातलं काही सोसावं लागलं नाही.

यावरून मी एक अंदाज बांधलाय. मशिन जसं विकत घेतलं तसंच वापरत असाल, तर पहिल्या खेपेचा धोका तुम्हाला कमी. कंपनीनं तपासणी केलेली असते ती मुख्यतः अशाच मशिनवर. पण फोल्डर हलवलेत, दोन सिस्टिम एकत्र बसवल्यात, ऑफिसचं व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं सॉफ्टवेअर) आहे, दुसरा अँटिव्हायरस आहे, तर तुम्ही तपासणीच्या वाटेपासून लांब आहात; तेवढं जास्त थांबा. सप्टेंबर २०२४ मध्ये मॅकची सेक्वोया आवृत्ती आली तेव्हा काही व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर अडखळली होती, साध्या वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही.

विंडोज कधीकधी स्वतःच तुम्हाला थांबवतं. तुमच्या कॅमेऱ्याचा किंवा ऑडिओचा ड्रायव्हर (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) नव्या आवृत्तीशी भांडतो असं आढळलं तर त्या मशिनवर अपडेट रोखून धरलं जातं. तेव्हा 'मलाच का मिळत नाही' म्हणून हातानं फाइल उतरवून बळंच बसवू नये. मुद्दाम ओढलेला अडसर आहे तो.

पण थांबणंही फुकट नसतं, हे मॅकवाल्यांनी लक्षात ठेवावं. मागच्या आवृत्त्यांना पॅच मिळतात खरे, पण माहीत असलेले सगळेच दोष त्यांच्यात दुरुस्त होत नाहीत असं ॲपलच सांगते. म्हणून एक-दोन महिने म्हणतोय, दोन वर्षं नाही. आवृत्तीच्या आकड्यापुढे टिंब देऊन १ किंवा २ लागला (म्हणजे २६.१, २६.२) की मी जातो.

जोडलेल्या वस्तूंची यादी मात्र अपग्रेडच्या तारखेआधी करा. आमच्याकडे हिशेबाच्या विभागात एक स्कॅनर होता, काच स्वच्छ, रोलर चांगले, कधी कागद अडकला नाही. त्याच्या कंपनीनं नव्या आवृत्तीसाठी ड्रायव्हर काढलाच नाही. यंत्र ठणठणीत आणि तरीही अडगळ. म्हणून तिथलं एक मशिन जुन्या आवृत्तीवर ठेवून इंटरनेटपासून तोडलं आणि स्कॅनर त्याला लावला. सॉफ्टवेअरचंही हेच होतं. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिनानं ३२-बिट प्रोग्राम एका झटक्यात बंद केले. कुणाचं जुनं डिझाइनचं सॉफ्टवेअर गेलं, कुणाचे गेम गेले. ज्या वस्तूवर किंवा प्रोग्रामवर तुमचं काम चालतं, तिच्या कंपनीच्या साइटवर नव्या आवृत्तीचं नाव दिसतं का, एवढं बघायला दहा मिनिटं लागतात.

आणि विंडोजवाल्यांनो, बिटलॉकरची (विंडोज डिस्कला लावतं त्या कुलपाची) रिकव्हरी की. ही ४८ आकडी असते. बायोसमध्ये काही बदललं (वर सांगितलेलं टीपीएम, सिक्युअर बूट) की पुढच्या वेळी लॅपटॉप सुरू होताना निळा पडदा येतो आणि ती की मागतो. तुमचा नेहमीचा पासवर्ड तिथे चालत नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे कुलूप मालकाला न विचारताच लागलेलं असतं आणि की त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात पडून असते. बायोसला हात लावण्याआधी खात्यात जाऊन ती कागदावर उतरवून ठेवा. त्याच लॅपटॉपमध्ये साठवू नका, हे सांगायची गरज नसावी, पण लोक साठवतात.

नवी आवृत्ती टाकली की मशिन मंद होतं, हा आरोप अर्धा खरा आहे. पहिले एक-दोन दिवस मागे फाइलींची आणि फोटोंची नवी अनुक्रमणिका बनत असते, तेव्हा पंखा फिरतो, बॅटरी उतरते; तेवढ्यावर निकाल देऊ नका. पण संशय निव्वळ हवेतलाही नाही. २०१७ च्या सुरुवातीच्या आयओएस १०.२.१ पासून झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनचा वेग कमी केला जात होता आणि ॲपलने ते त्याच वर्षी डिसेंबरात मान्य केलं. जुना फोन असेल तर आधी सेटिंगमध्ये बॅटरीची प्रकृती बघा.

तुमचा मॅक इंटेलचा आहे की ॲपलच्या चिपचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत. इंटेलचा असेल तर टाहो म्हणजे आवृत्ती २६ ही त्याला मिळू शकणारी शेवटची मोठी आवृत्ती, आणि तीही निवडक मॉडेलनाच. लॅपटॉपचं मॉडेल आणि प्रोसेसरचं पूर्ण नाव कळवलंत तर ११ चं गणित जुळतं का तेही सांगतो.