आधी आपल्या बैठकीत विचार

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

राष्ट्रीय पक्षात जावं, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीच्या युवकांत राहावं, की दोन्ही सोडून मराठी शाळांसाठी संस्था काढावी, हे तू तिसऱ्यांदा विचारतेस. कुठंही जा की! पण जिथं जाशील तिथं अध्यक्ष कसा ठरतो, ते आधी बघ.

खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता, लोकेच्छा. राज्यांची सीमा कशी आखावी याची ही चार सूत्रं सीमाभागात पोरांना पाढ्यांसारखी पाठ. त्यातली लोकेच्छा आपण दिल्लीकडं मागितली. आपल्याच बैठकीत कधी विचारली?

१९९६ ला बेळगाव लोकसभेला ४५६ उमेदवार होते, देशानं सीमाप्रश्नाकडं बघावं म्हणून. त्यात एक मी. त्याच वर्षी उमेदवाराची अनामत ५०० रुपयांची १०,००० झाली, प्रश्न होता तिथंच राहिला. तरी ते चुकलं असं मी म्हणणार नाही. चुकलं ते गल्लीतल्या मंडळात. बैठक बोलावली, चहा पाजला आणि अध्यक्ष म्हणून पुतण्याचं नाव जाहीर केलं. तुझ्याच वयाच्या एका पोरानं हात वर केला. म्हटलं, खाली घे, नंतर बोलू. तो परत आलाच नाही. आता दुसऱ्याच पक्षाच्या बूथवर बसतो आणि आम्ही त्याला गद्दार म्हणतो. वेळच तशी होती, फूट परवडली नसती, असं मी अजून सांगतो. खरंही असेल.

पक्षात गेलीस म्हणून सुटलीस असं नव्हे. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यानं व्हिप, म्हणजे मतदानाबद्दलचा पक्षाचा आदेश, मोडला की आमदारकी धोक्यात. तो व्हिप काढताना कार्यकर्त्यांना विचारलं का, ते कायदा बघत नाही. संस्थेतही तेच. सह्या तिघांच्या, बाकीचे सतरंज्या उचलायला.

१९२४ ला बेळगावात काँग्रेस भरली, गांधीजी अध्यक्ष. सभासदानं दरमहा २००० वार सूत द्यायचं ठरलं. वर्षभरात अट ढिली झाली, हसू नको. सुताचं सोड, सभासद कोण हे तरी ठरलेलं होतं. तुमची वही कुठाय? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्हणजे वही नव्हे, अ‍ॅडमिनची लहर फिरली की माणूस बाहेर.

रविवारी बैठक आहे म्हणतेस. शंभर पानी वही ने, आणि चिठ्ठ्यांना लाडवाचा रिकामा डबा. 'एकमतानं ठरलंय' असं कुणी म्हणालं की डबा पुढं सरकव. मला बोलावू नको. मी आलो की मीच बोलत बसतो.

तुझा काका