फर्म मुलाला, कर्ज बापाला

सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्यांचं पत्र आलंय. वय 62, मार्केट यार्डात 33 वर्षं. सौद्यात हळद घ्यायची, पॉलिश करून गुजरात-दिल्लीकडे पाठवायची. उलाढाल 6 कोटी, व्याज जाऊन नफा 22 लाखांच्या आसपास. मुलगा 26 वर्षांचा. पुण्यातली नोकरी सोडून दोन वर्षं गादीवर बसतोय, मे महिन्यात लग्न आहे. प्रश्न एवढाच: "प्रोप्रायटरी फर्म मुलाच्या नावावर करायची आहे, टॅक्स किती लागेल?"

काही लागत नाही. वडिलांनी मुलाला दिलेल्या भेटीवर आयकर नाही. पण प्रोप्रायटरी, म्हणजे एकट्याच्या मालकीच्या, फर्मचा पॅन म्हणजे तुमचाच पॅन, त्यामुळे मुलाला जीएसटी नंबर, बाजार समितीचा परवाना, चालू खातं सगळं नवं काढावं लागेल. खरेदीवर आधीच भरलेल्या जीएसटीचं शिल्लक क्रेडिट आयटीसी-02 हा फॉर्म भरून त्याच्याकडे वळवता येतं. तुमचे सीए हे करून देतील.

आता पत्राच्या दुसऱ्या पानाकडे या. तिथे तुम्ही जाता जाता लिहिलंय की 2019 च्या पुरात गावभागातल्या गोडाऊनमधला माल भिजला, तेव्हा विश्रामबागचं घर तारण देऊन कॅश क्रेडिटची लिमिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेतून लागेल तसं कर्ज उचलायची मर्यादा, 1 कोटी 20 लाख करून घेतली. पूर ओसरला, धंदा सावरला, गोडाऊन कुपवाडला गेलं. घर मात्र अजून बँकेतच आहे, आणि त्याबद्दल तुमचा एकही प्रश्न नाही!

फर्म मुलाची झाली तरी बँक तुम्हाला सोडणार नाही. लिमिट त्याच्या नावावर करताना घर तारण ठेवेल आणि तुम्हाला जामीनदार करेल. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी मुलाकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं बँकेला सांगता येत नाही. म्हणजे सौदे मुलगा करणार, माल कुणाला उधार द्यायचा तो ठरवणार, आणि पार्टी बुडाली की नोटीस तुमच्या दारावर लागणार. अधिकार सोडायचा आणि धोका ठेवायचा, याला निवृत्ती म्हणत नाहीत.

बरं, निवृत्तीचे पैसे कुठे आहेत? 14 लाखांची एफडी आणि "मुलगा घरखर्चाला देईलच". देईल हो, मनापासून देईल. पण कशातून? नफा 22 लाख. तुमचं घर वर्षाला 9 लाख घेतं, मुलाचा नवा संसार 6 लाख धरू, आयकर अडीच लाखांच्या वर, पॉलिसीचा हप्ता 3 लाख. उरले दीड लाखाच्या आत. त्यात त्याला 35 लाखांचं नवं पॉलिश मशीन हवंय.

त्या पॉलिसीबद्दल. बँकेतल्या ओळखीच्या पोराने "काका, तुमची पेन्शन" म्हणून गळ्यात मारली. 10 वर्षं 3 लाख भरायचे, बाराव्या वर्षापासून 20 वर्षं 3 लाख मिळणार. 30 चे 60, दुप्पट! हिशेब मांडला तर परतावा साडेचार टक्क्यांच्या आत बसतो. आणि पहिली पेन्शन हातात येईल तेव्हा तुमचं वय असेल 74. बासष्टीच्या माणसाला हे पेन्शन म्हणून विकणाऱ्याला काय म्हणावं, ते छापण्यासारखं नाही. एकच हप्ता गेलाय, दुसरा भरू नका. 1 ऑक्टोबर 2024 नंतरच्या पॉलिसीला पूर्ण वर्ष झालं की थोडीफार सरेंडर किंमत, म्हणजे पॉलिसी मध्येच बंद केल्यावर परत मिळणारी रक्कम, मिळू शकते. किती, ते कंपनीकडून लेखी घ्या. बाकी गेले समजा.

मी काय करेन? फर्म एकदम देणार नाही. आधी मुलाला भागीदार करा. जीएसटी नंबर तेव्हाही नवाच लागतो, पण भांडवल तुमच्या नावावर राहतं आणि त्यावर करारात ठरवून व्याज घेता येतं. 12 टक्क्यांपर्यंतचं व्याज फर्मला खर्चात धरता येतं. मग ते मुलाचे उपकार नाहीत, तुमचा हक्क आहे.

बँकेकडे घराच्या बदल्यात कुपवाडचं गोडाऊन तारण द्या. ऐकत नसतील तर लिमिट खाली आणा. तुमची येणी 95 लाख, त्यातली 38 लाख वर्षापेक्षा जुनी. इतकी जुनी उधारी बँक लिमिटसाठी धरत नाही, म्हणजे ते तुमचेच पैसे अडकलेत. निम्मे बुडाले असं धरून चाला. जे 19 लाख येतील ते पुन्हा हळदीत घालू नका. एफडीची मुदत संपली की दोन्ही मिळून 30 लाख सीनियर सिटिझन योजनेत टाका, आजच्या 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 61,500 रुपये येतात. ही जुनी वसुली तुम्हीच करायची. त्या पार्ट्या तुमच्या शब्दावर माल घेऊन गेल्यात, मुलाचा फोन त्या उचलणार नाहीत.

मशीन वसुलीनंतर बघू.

कोल्हापूरला दिलेल्या मुलीचा उल्लेख पत्रात अर्ध्या ओळीचा आहे. मृत्युपत्र केलं नाही तर फर्म, घर, गोडाऊन सगळ्यात तिचा वाटा तिच्या आईच्या आणि भावाच्या बरोबरीचा. कुणाला काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, पण लिहून ठेवा, आणि लग्नाच्या आधी तिलाही बोलावून सांगा.

आणि मुलाला या महिन्यापासून पगार सुरू करा, 40 हजार म्हणा. गल्ल्यातून "लागेल तसे" घेणं बंद. त्याच्या बुलेटचा हप्ता फर्मच्या खात्यातून जातो असं तुम्हीच कौतुकाने लिहिलंय. तो उद्यापासून त्याच्या खात्यातून जाऊ दे.