महिना झाला तरी फरक नाही, गोळ्या बंद करू का?

संधिवाताच्या ओपीडीत समुपदेशक म्हणून काम करताना हा प्रश्न मी आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकते. गेल्या वर्षी तो मीनाताईंनी (नाव बदलले आहे) विचारला. वय ४३, अंगणवाडी सेविका. रुमॅटॉइड संधिवाताचे निदान होऊन त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू झाले होते आणि पाच आठवड्यांनी त्या आल्या, त्या गोळ्या सोडण्याचे जवळपास ठरवूनच. ‘‘मॅडम, भाच्याने मोबाइलवर पाहिले, ही म्हणे कॅन्सरची गोळी आहे. पहिल्या आठवड्यात बरे वाटले, आता पुन्हा मनगटे ठणकतात, वर मळमळ. मग घेऊ कशाला?’’

भाच्याचे म्हणणे खोटे नव्हते आणि तसे मी त्यांना सांगितलेही. आपण दडवले तरी असे भाचे ते शोधून काढतातच. येल्लाप्रगडा सुब्बाराव या आपल्याच देशातून अमेरिकेत गेलेल्या शास्त्रज्ञाच्या चमूने १९४०च्या दशकात रक्ताच्या कर्करोगासाठी ज्या औषधांवर काम केले, त्यांतलेच हे एक. मात्र कर्करोगात ते कित्येक पटींनी मोठ्या मात्रेत देतात. संधिवातात आठवड्याला साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम एवढेच देतात आणि तेथे त्याचे काम वेगळे असते: स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेल्या प्रतिकारशक्तीला शांत करणे.

हे शांत होणे सावकाश चालते. वेदनाशामक गोळी तासाभरात जाणवते, मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला मात्र ६ ते १२ आठवडे लागतात, आणि मधला काळ निभावून नेण्यासाठी डॉक्टर बहुधा थोडे स्टेरॉइड देऊन ते हळूहळू कमी करत नेतात. मीनाताईंना पहिल्या आठवड्यात बरे वाटले ते स्टेरॉइडमुळे. ते कमी होऊ लागले तेव्हा दुखणे डोके वर काढू लागले आणि त्याचा दोष पडला नव्या औषधावर. हा गैरसमज इतका स्वाभाविक आहे की पहिल्याच भेटीत तो दूर न करणे ही आम्हा मंडळींची चूक आहे, असे माझे मत आहे.

मग मी त्यांना पर्समधली औषधे टेबलावर काढून ठेवायला सांगितली. दोन पाकिटे, दोन्हींत छोट्या पिवळ्या गोळ्या. मेथोट्रेक्सेटच्या २.५ मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या आठवड्यातून एकदाच, सोमवारी, हे त्यांना पक्के ठाऊक होते. मला हायसे वाटले, कारण रोज घेण्याची चूक जिवावर बेतू शकते: तोंड सोलवटते, पांढऱ्या पेशी घसरतात, रुग्णालयात दाखल व्हावे लागते. दुसरे पाकीट फॉलिक अ‍ॅसिडचे होते आणि ते जवळजवळ भरलेलेच होते. ‘‘ती ताकदीची गोळी ना? ताकद आहे मला,’’ असे त्या म्हणाल्या. मळमळ आणि तोंड येणे कमी व्हावे म्हणूनच ती दिलेली असते, हे त्यांना कोणी समजावले नव्हते. शिवाय सोमवारी त्यांचा उपवास! म्हणजे पोटात जेमतेम वाटीभर साबुदाणा आणि त्यावर सहा गोळ्या. डॉक्टरांना विचारून वार बदलला: शनिवारी रात्री जेवणानंतर, म्हणजे मळमळ झालीच तरी रविवार सुट्टीचा. फॉलिक अ‍ॅसिड दुसऱ्या दिवशी.

रक्ततपासणीची त्यांना धास्ती वाटत होती. ‘‘औषध धोक्याचे म्हणूनच तपासतात ना?’’ पेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवण्यासाठी सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि पुढे दोन-तीन महिन्यांनी तपासणी होते. बिघाड लक्षणे दिसण्याआधी कळावा, एवढाच तिचा हेतू. ताप, कोरडा खोकला, दम लागणे, तोंडात फोड किंवा कावीळ दिसली तर मात्र पुढच्या तारखेची वाट न पाहता, पुढची मात्रा न घेता यायचे. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी कोणी गोळ्या दिल्या तर मेथोट्रेक्सेट चालू असल्याचे आधी सांगायचे, कारण को-ट्रायमॉक्सॅझोलसारखे औषध त्याच्याबरोबर चालत नाही. यजमानांना बाहेर बसवून पाळीविषयी विचारले. ती नियमित होती, म्हणून गर्भनिरोधनाबद्दलही स्पष्ट बोलावे लागले, कारण हे औषध चालू असताना गर्भ राहणे बाळासाठी घातक असते. त्या लाजल्या, पण ऐकून घेतले.

सकाळी उठल्यापासून पूर्ण मूठ वळेपर्यंत किती मिनिटे लागतात, ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला मी सांगितले. चौथ्या महिन्यात त्या ती पाने गुंडाळून घेऊन आल्या. सुरुवातीला ९०, दहाव्या आठवड्यात ४०, आता २०. उजवे मनगट अजून सुजलेले होते, म्हणून डॉक्टरांनी मात्रा वाढवली, आणि त्या पुन्हा हिरमुसल्या: ‘‘म्हणजे आजार वाढला?’’ कमी मात्रेने सुरू करून पायरीपायरीने वाढवणे हीच या औषधाची रीत, हे मी सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, ‘‘मग किती वर्षे?’’ बऱ्याच जणांना वर्षानुवर्षे घ्यावे लागते. आजार दीर्घकाळ शांत राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करून पाहतात, पण आपल्या मनाने थांबवले की तो बहुधा उसळतो. हे त्यांना आवडले नाही, आणि आवडावे अशी माझी अपेक्षाही नव्हती. जाताना त्यांनी पुढच्या तपासणीची तारीख मात्र स्वतःहून विचारली.