वाचकांचे प्रश्न: लॉटरीचा पैसा आणि गावातला माच

प्रश्न: आमचं मराठी मंडळ सांवेर तहसिलीतल्या एका गावात, तिथल्याच कलाकारांना घेऊन माचची, म्हणजे माळव्यातल्या लोकनाट्याची, महिनाभराची कार्यशाळा घेणार आहे. इंग्लंडातला भाचा म्हणतो, तिकडे खेड्यातल्या नाटकांनाही लॉटरीतून पैसा मिळतो. आम्हाला अर्ज करता येईल का? नाहीतर ५० रुपयांची कूपनं विकून सोडत काढावी का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर: भाच्याचं खरं आहे, पण तो पैसा तिथल्याच कामांसाठी असतो. ब्रिटनची नॅशनल लॉटरी १९९४ साली सुरू झाली. तिकिटांच्या दर पौंडातले सरासरी २८ पेन्सच्या आसपास समाजकार्याला जातात आणि त्यातला २० टक्के वाटा कलांना मिळतो. इंग्लंडात हा वाटा आर्ट्स कौन्सिल ही कलांना निधी देणारी सार्वजनिक संस्था वाटते. प्रकल्पाला किमान १,००० पौंड मिळतात, पण साधारण १० टक्के खर्च अर्जदाराने दुसरीकडून उभा करायचा असतो. झालेल्या खर्चाला पैसे मिळत नाहीत. आधी बुकिंग करून मग अर्ज करणारे इथेच अडकतात.

सोडतीच्या फंदात मात्र पडू नका. मध्य प्रदेशात सरकारी लॉटरी नाही आणि खाजगी सोडतीला परवानगी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. बक्षिसाची जाहिरात करणंही गुन्हाच. तुम्ही कूपनाला ‘देणगी’ म्हणा, सोडत ती सोडतच. त्यापेक्षा प्रवेशिका विका, स्मरणिकेला जाहिराती मिळवा.

तुमच्यासाठी खरी वाट म्हणजे केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजना. मंडळाची नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली हवीत, स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी दर्पण पोर्टलवरही नाव हवं. एरवी मर्यादा ५ लाखांची, आणि तीही खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंतच.

खरी कोंडी होते ती हप्त्यांमुळे. समजा, कार्यशाळेचा खर्च २ लाख. पूर्ण मंजुरी मिळाली तरी अनुदान १,५०,००० रुपये. त्यातले ७५ टक्के, म्हणजे १,१२,५०० आधी हाती येतात. उरलेले ३७,५०० कार्यक्रम होऊन हिशेब दिल्यावर. म्हणजे स्वतःचे ५०,००० आणि अडकलेले ३७,५०० मिळून ८७,५०० रुपये मंडळाच्या खात्यात आधीच असायला हवेत. बहुतेक मंडळं पन्नासच हजार धरतात, आणि शेवटच्या आठवड्यात ढोलक-सारंगीवाल्यांचं मानधन थकतं. कलाकारांची तोंडं कडू झाली की पुढच्या वर्षी गावात कोण उभं करणार?

हिशेबासाठी मानधन कलाकाराच्या बँक खात्यातच टाका. मंच, माइक, प्रवास यांची बिलं मंडळाच्या नावाने घ्या, सचिवांच्या नावाने नकोत. रोज हजेरीवर सह्या घ्या, फोटो काढून ठेवा. अनुदान ठरलेल्या कामावरच खर्च झालं असं सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सीएची सही लागते, तेव्हा त्यांना कार्यशाळा संपल्यावर नव्हे, अंदाजपत्रक करतानाच गाठा.