बाबा गेले, पण पेन्सिल अजून त्यांच्याच हातात

"बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी चित्र काढायला बसलं की त्यांचाच आवाज कानात का येतो? माझ्यात काही बिघडलंय का?" हा प्रश्न मला समुपदेशनाच्या कामात सारखा ऐकायला मिळतो, कुणाच्या बाबतीत चित्र असतं, कुणाच्या गाणं, कुणाच्या लिहिणं. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

पस्तिशीची बाई, लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, काम छान चाललेलं. घोडं अडायचं ते हातांपाशी. माणसाचा हात काढायची वेळ आली की काढायची, खोडायची, परत काढायची, कागदाचा पापुद्रा निघेपर्यंत, आणि शेवटी कंटाळून त्या पात्राचे हात खिशात नाहीतर पाठीमागे. "माझ्या पुस्तकातली सगळी मुलं शिक्षा झाल्यासारखी मागे हात बांधून उभी असतात," असं हसत म्हणाली खरी, पण पर्सचा पट्टा बोटांना गच्च गुंडाळलेला होता.

लहानपणी चित्र झालं की ती धावत बाबांना दाखवायला जायची. त्यांना चित्रांची फार आवड, पण स्वतः कधी एक काढलं नाही. ते बघायचे, "वा" म्हणायचे, आणि मग पेन्सिल घेऊन तिच्याच रेघेवर आपली ठळक रेघ ओढायचे. "हात असा नसतो बाळा, हा बघ." कधी ओरडले नाहीत, मारलं तर मुळीच नाही. त्यामुळे तक्रार तरी कशाची करायची असं तिला वाटायचं, आणि इथेच बरेच जण फसतात बरं का, त्रास व्हायला वडील वाईटच असावे लागतात असं काही नाही. प्रेमाने दिलेलं मतसुद्धा मूल न चावता गिळतं. गेस्टाल्ट थेरपी या मानसोपचार पद्धतीवाले फ्रिट्झ पर्ल्स हेच सांगायचे, न चावता गिळलेलं अंगी लागत नाही, नुसतं पोटात पडून राहतं. ते पुढे आपल्याला आपलंच मत वाटायला लागतं ही खरी पंचाईत.

मी सुरुवातीला घाई केली. दुसऱ्याच सेशनला म्हटलं, बाबांना पत्र लिहा, पाठवायचं नाही, मनातलं सगळं काढा. तिने आणलं, सुंदर अक्षरात, एकही खाडाखोड नाही. अहो ते पत्र नव्हतंच, तपासायला दिलेली वही होती ती, आणि तपासणारी मी. मी ते न वाचताच परत दिलं.

मग एकदा बोलता बोलता फ्रेंच चित्रकार सेझानचा विषय निघाला. वडील बँकर, मुलाने वकील व्हावं हा हट्ट, त्यापायी तो काही काळ कायदा शिकलाही. १८६६ मध्ये त्याने वडिलांचं मोठं चित्र काढलं, उंच पाठीच्या खुर्चीत बसून पेपर वाचतायत. पेपर मात्र त्यांचा नेहमीचा नाही, सेझानचा लेखक दोस्त झोला ज्यात नव्या चित्रकारांची बाजू मांडायचा तो हातात दिलाय, आणि मागच्या भिंतीवर पोराने स्वतःचं एक छोटं चित्र टांगलंय, ज्याच्याकडे वडिलांची पाठ आहे. मी मोबाईलवर दाखवलं. बराच वेळ झूम करून बघत राहिली आणि म्हणाली, "याने वडिलांचे हात काढलेत हो."

पुढच्या वेळी ती शाळेतली चित्रकलेची वही घेऊन आली. इतकी वर्षं जपलेली, पण उघडली नव्हती. पिवळ्या पडलेल्या पानावर फुगा धरलेली मुलगी, तिची फिकट रेघ आणि त्यावर बाबांची काळी, कागदाला वळ उठलेला. ती आता कामाच्या नजरेने बघत होती, मान तिरकी करून. मग आपला उजवा हात तसाच समोर धरला, परत पान बघितलं. "मॅडम, बाबांचा अंगठा चुकलाय. उलट्या बाजूला आहे." आणि खो खो हसत सुटली, हसता हसता रडायलाच लागली. "त्यांना पण येत नव्हतं..."

त्यानंतरचे दीड-दोन महिने खरं तर जास्त जड गेले. रागावणं सोपं असतं हो, पण ज्याला स्वतःला काढायचं होतं आणि धीर झाला नाही, म्हणून जो आयुष्यभर मुलीच्या कागदावर काढत बसला, त्या माणसाचं वाईट वाटणं अवघड. त्यात मी फारसं काही केलं नाही, नुसती बसले होते.

लोक विचारतात, मग आवाज गेला का? नाही गेला. येतो अजून. फक्त आता आला की ती "बाबा, अंगठा!" म्हणते आणि पुढे काढते. रंगांची निवड त्यांच्याकडूनच आलीय हेही तिच्या लक्षात आलं, ती तिला आवडते, तिने ठेवली.

मागच्या आठवड्यात तिने नव्या पुस्तकातलं एक पान पाठवलं, मुलगी तळहातावर बेडूक घेऊन उभी आहे, पाचही बोटं स्पष्ट. खाली मेसेज, "अंगठा बरोबर आहे का बघा ना."

मी एवढंच लिहिलं की बेडूक फार गोड आहे.